भावाच्या बॅगेत सार्मची बाटली मिळाली, ‘उंदरांवर टेस्ट झालंय’ म्हणतो, याचा नेमका अर्थ काय?

डिचोलीकर_दादा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज.

माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा, बारावीला आहे, वर्षभर म्हापशाला जिमला जातो. चवथीला सगळे घरी जमलो तेव्हा मामी म्हणाली अरे हा केवढा भरलाय, आणि खरंच तीन महिन्यांत खांदे एकदम वेगळे दिसायला लागलेत. मला तेव्हाच शंका आलेली. परवा त्याच्या बॅगेत ड्रॉपरवाल्या दोन बाटल्या मिळाल्या, एकीवर रॅड १४० आणि दुसरीवर कार्डारिन. विचारलं तर आधी चिडला, मग म्हणाला हे स्टेरॉइड नाहीच, हे सार्म आहे, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसारखं काम करणारं वेगळं औषध, हे फक्त मसल आणि हाडांवर काम करतं बाकी कशाला हात लावत नाही, उंदरांवर आणि माकडांवर टेस्ट करून सिद्ध झालंय. जिममधल्या कोणीतरी त्याला मोबाईलवर चार्ट दाखवलाय, अ‍ॅनाबॉलिक ९० आणि अँड्रोजेनिक १ असा काहीतरी रेश्यो, तो त्याला पाठ आहे.

मी कॉमर्सवाला. मी ओरडलो तर तो म्हणतो तुला यातलं काय कळतं, आणि खरंच मला काही कळत नाही. आईबाबांना अजून सांगितलेलं नाही, बाबांना बीपी आहे. मला भांडायचं नाहीये, मला त्याच्यासमोर बसून त्याच्याच मुद्द्याला उत्तर द्यायचंय. हे मसल वाढवणारे ड्रग प्राण्यांवर टेस्ट करतात म्हणजे नेमकं काय करतात, काय मोजतात? आणि उंदराचा मसल वाढला, हाड मजबूत झालं हे जर खरं असेल तर माझ्या भावाचं का होणार नाही? कोणी या लाईनमधलं असेल तर सांगा.

कुडचडे_एक्सप्रेस

आधी दोन्ही बंद करायला लाव आणि रक्त तपासून घे. लिव्हर, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन. बाकी चर्चा नंतर. आणि आईबाबांना सांग रे, १७ वर्षांचा आहे तो.

प्राणीघरातला_काका

मी २१ वर्षं औषध कंपन्यांच्या प्राणीघरात काम केलं, शेवटची बारा वर्षं वेर्ण्याच्या बाजूला, आता रिटायर होऊन फोंड्याला असतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या हातांनी केलेल्या कामातून देऊ शकतो म्हणून सविस्तर लिहितो, सावकाश वाच.

तो जो ९० आणि १ चा रेश्यो आहे ना, असे आकडे बहुतेक वेळा एका जुन्या टेस्टच्या जातीतून येतात. १९५३ साली हर्शबर्गर आणि त्याच्या सोबत्यांनी ती मांडली म्हणून तिला हर्शबर्गर टेस्ट म्हणतात. कसं करतात सांगतो. साधारण सहा आठवड्यांचा नर उंदीर घेतात, म्हणजे घरात फिरतो तो नव्हे, पांढरा लॅबचा रॅट. त्याचे वृषण ऑपरेशन करून काढून टाकतात. मग आठवडाभर तरी काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. शरीरात टेस्टोस्टेरॉन बनणं बंद झालं की त्याच्यावर जगणारे जेवढे अवयव आहेत ते आकसायला लागतात, प्रोस्टेट आकसतं, सेमिनल व्हेसिकल म्हणजे वीर्यातलं पाणी बनवणारी पिशवी आकसते, आणि लेव्हेटर अ‍ॅनाय नावाचा एक स्नायू आकसतो. मग दहा दिवस रोज औषध द्यायचं, एका गटाला नुसतं तेल, एका गटाला टेस्टोस्टेरॉन, बाकीच्या गटांना तपासायचं औषध वेगवेगळ्या डोसमध्ये. शेवटच्या डोसनंतर साधारण चोवीस तासांनी प्राणी मारतात आणि ते अवयव काढून वजन करतात. स्नायूचं वजन किती वाढलं तो अ‍ॅनाबॉलिक आकडा, प्रोस्टेट आणि सेमिनल व्हेसिकल किती वाढलं तो अँड्रोजेनिक. एकाला दुसऱ्याने भागलं की झाला तुझ्या भावाचा रेश्यो.

आता हे लक्ष देऊन वाच. तो लेव्हेटर अ‍ॅनाय स्नायू हातापायाचा नाही. रॅटमध्ये तो मागे गुदमार्गाभोवती आणि लिंगाच्या मुळाशी असतो, नराला समागमासाठी लागतो. त्यात टेस्टोस्टेरॉन पकडणारे रिसेप्टर पायाच्या स्नायूपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून तर तो निवडला, कारण औषधाने तो पटकन फुगतो आणि वजनात फरक दिसतो. त्याच रॅटच्या पोटरीचा स्नायू बघितला तर एवढा काही हलत नाही. म्हणजे चार्टवरचा ९० हा दंडाचा आकडा नाही, छातीचा नाही, तो त्या एका छोट्या लैंगिक स्नायूचा आकडा आहे. हे त्या मुलाला कोणी सांगितलं नसणार.

कामाचं सांगायचं तर हे वजन करणंसुद्धा किती नाजूक असतं. रॅटचं व्हेंट्रल प्रोस्टेट अगदी लहान आणि लिबलिबीत, कापताना थोडी चरबी राहिली किंवा ते दोन मिनिटं उघडं राहून सुकलं तरी आकडा बदलतो. सेमिनल व्हेसिकलला चिमटा लागून आतलं पाणी गळालं की ते वजन फुकट. आम्ही ओल्या गॉझवर ठेवून मिलिग्रॅमच्याही दहाव्या हिश्शापर्यंत मोजायचो, आणि कुठला प्राणी कुठल्या गटातला ते कापणाऱ्याला शक्यतो माहीत नसायचं. म्हणजे भागाकारात खालचा आकडा थोडा जरी लहान आला तर रेश्यो उगाच मोठा होतो. कंपनी बदलली, डोस बदलला, इंजेक्शन दिलं की तोंडाने दिलं ते बदललं की त्याच औषधाचा रेश्यो वेगळा येतो.

आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट. तो रॅट आधी उणा केलेला होता. त्याचं स्वतःचं हार्मोन आपण काढून घेतलं आणि मग औषधाने तूट किती भरून निघते ते बघितलं. टेस्टचा प्रश्नच तेवढा आहे, हे रसायन टेस्टोस्टेरॉनसारखं वागतं की नाही. २००९ साली ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या टेस्टची ठरलेली पद्धत छापली ती तर कारखान्यातली आणि शेतीतली रसायनं हार्मोनमध्ये ढवळाढवळ करतात का ते पकडायला. तुझा भाऊ सतरा वर्षांचा, त्याच्या शरीरात आत्ता आयुष्यातलं भरपूर टेस्टोस्टेरॉन तयार होतंय, त्याला कसलीच तूट नाही. बाहेरून असलं काही आलं की मेंदू समजतो भरपूर झालं आणि वृषणांना जाणारा निरोप बंद करतो. एलजीडी ४०३३ नावाचं दुसरं सार्म ७६ निरोगी पुरुषांना फक्त २१ दिवस दिलं होतं, २०१३ साली छापून आलंय, वजनातला मसलचा हिस्सा वाढला पण टेस्टोस्टेरॉन खाली गेलं आणि चांगलं कोलेस्टेरॉनही खाली गेलं. ‘बाकी कशाला हात लावत नाही’ हे तिथेच संपलं.

हाडांचं उद्या लिहितो, डोळे दुखतात आता.

डिचोलीकर_दादा

काका देव बरें करूं. मी हे दोनदा वाचलं. तो स्नायू कुठला ते वाचून तर मी गप्पच झालो. हाडांचं नक्की लिहा, कारण त्याचा मुख्य मुद्दा तोच आहे की बघ हे ऑस्टिओपोरोसिससाठी बनवलंय म्हणजे हाडाला चांगलंच असणार.

सत्तरीची_गुरांची_डॉक्टर

काकांनी हाडांचं लिहीपर्यंत मी थोडं लिहिते, मी व्हेट आहे, वाळपईच्या बाजूला गाईगुरं बघते.

भाऊ म्हणतो ना मसल वाढला की हाड आपोआप चांगलं, तर दोन उदाहरणं दे त्याला. एक क्लेनब्युटेरॉल, हेही जिममध्ये फिरतं. हे मुळात दम्याच्या औषधांच्या जातीचं, घोड्यांच्या श्वासासाठी वापरतात, आणि काही देशांत मांस वाढावं म्हणून जनावरांना चोरून दिलं जायचं, २००६ साली शांघायमध्ये असलं डुकराचं मांस खाऊन तीनशेवर लोक आजारी पडले. रॅटला दिलं तर स्नायू खरंच वाढतो, ते खोटं नाही. पण त्याच रॅटची हाडं तपासली तेव्हा हाडाची घनता कमी झालेली दिसली, आणि जास्त डोसला हृदयाच्या स्नायूतल्या पेशी मेलेल्या दिसल्या. म्हणजे वजनकाट्यावर बघितलं तर यशस्वी औषध, हाड आणि काळीज बघितलं तर उलटं.

दुसरं मायोस्टॅटिन. शरीरात स्नायू वाढण्याला ब्रेक लावणारं हे प्रोटीन, १९९७ साली मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी त्याचा जीन बंद केलेले उंदीर बनवले, स्नायू जवळजवळ दुप्पट. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील, त्यांच्यात हाच जीन निसर्गानेच बिघडलेला आहे, आणि त्या गाईंना वासरू एवढं भरलेलं असतं की बऱ्याचदा सिझेरियनच करावं लागतं. मला व्हेट म्हणून तो फोटो बघून कधीच कौतुक वाटलं नाही. आणि २००८ साली त्या मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचे टेंडन तपासले, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तर ते लहान, कडक आणि ठिसूळ निघाले. स्नायू मोठा, दोरी बारकी. जड वजन उचलणाऱ्या मुलाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

जुना_लिफ्टर_मडगाव

डॉक्टर ताईंनी दोरीचं लिहिलं म्हणून लिहितोय. मी २४ वर्षांचा असताना दीड वर्ष इंजेक्शन घेतली, सार्म नव्हे, सरळ स्टेरॉइड. बेंच प्रेस चार महिन्यांत एवढा वाढला की मला वाटलं मला कसलीच लिमिट नाही. पाचव्या महिन्यात बेंचवर असताना छातीत उजवीकडे कापड फाटल्यासारखा आवाज आला, पेक्टोरल टेंडन हाडापासून सुटला होता. ऑपरेशन झालं, आज बारा वर्षं झाली, अजून तो हात पूर्ण मागे जात नाही, मुलीला खांद्यावर उचलून घ्यायचं तर डाव्या हातानेच. सर्जननी सांगितलं तुझा स्नायू महिन्यांत वाढला पण टेंडनला तेवढाच मजबूत व्हायला खूप जास्त वेळ लागतो. औषधानेच फाटला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, मी वजनही वेड्यासारखं लावत होतो. भावाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी मडगावहून येईन, खरंच सांगतो.

प्राणीघरातला_काका

हाडांचं.

हाडांसाठी वेगळे प्राणी घेतात. मोठी मादी रॅट, साधारण सहा महिन्यांची, तिचं अंडाशय काढून टाकतात. इस्ट्रोजेन बंद झालं की काही आठवड्यांत तिच्या गुडघ्याजवळच्या हाडातली जाळी विरळ होते, पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांसारखी. इथेही तेच बघ, आधी तूट केली. मग महिनोन्महिने औषध द्यायचं.

मोजतात ते बरंच काही. औषध चालू असताना दोन वेळा, मध्ये थोडे दिवस सोडून, कॅल्सीन नावाचं चमकणारं रसायन टोचतात, ते त्या त्या दिवशी नवीन बनणाऱ्या हाडात बसतं, मग शेवटी हाडाचा पातळ काप काढून खास प्रकाशात बघितला की दोन हिरव्या रेघा दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे मधल्या दिवसांत किती हाड नवीन झालं ते. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा घरी येऊन बायकोला सांगत होतो, एवढं सुंदर दिसतं ते. मग मायक्रो सीटी करून जाळीचे धागे किती जाड ते मोजतात, आणि शेवटी मांडीचं हाड दोन आधारांवर आडवं ठेवून वरून मधोमध दाब देतात, मोडेपर्यंत. हे शेवटचं सगळ्यात खरं, कारण घनता वाढली तरी हाड चिवट होतंच असं नाही, कधी कधी जास्त भरलेलं हाड खडूसारखं मोडतं. औषध मंजूर करणाऱ्यांना नुसता डेक्साचा, म्हणजे घनता मोजणाऱ्या स्कॅनचा आकडा पुरत नाही, रॅटशिवाय आणखी एका मोठ्या प्राण्यात, माकड किंवा मेंढी वगैरे, हाडाची गुणवत्ता दाखवावी लागते ती याच कारणाने.

आता भावासाठीचा मुद्दा, हा त्याला नक्की सांग. आपल्या हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चेची पट्टी असते, ग्रोथ प्लेट, ती वयात आल्यावर हार्मोनमुळे बंद होते आणि उंची थांबते. टेस्टोस्टेरॉनचं शरीरात थोडं इस्ट्रोजेन होतं आणि मुलांमध्येही ती पट्टी मुख्यतः त्यानेच बंद होते. रॅटची ही पट्टी आपल्यासारखी वयात आल्यावर बंद होत नाही, म्हातारा होईपर्यंत बरीचशी उघडीच असते. म्हणजे रॅटवर कितीही टेस्ट केली तरी सतरा वर्षांच्या मुलाच्या उंचीचं काय होईल हे तो प्राणी सांगूच शकत नाही. सार्म स्वतः इस्ट्रोजेन बनत नाही असं त्याचे विकणारे म्हणतात, पण मग स्वतःचं टेस्टोस्टेरॉन दबलं की हाडाला लागणारं इस्ट्रोजेनही कमी होतं, ते कुठे जमेला धरतात? आणि पुढे लिहितोय तसं, बाटलीत नेमकं काय आहे तेच माहीत नाही.

२०१७ साली अमेरिकेत इंटरनेटवरून सार्म म्हणून विकले जाणारे ४४ नमुने तपासले. साधारण निम्म्यातच सार्म होतं. ३९ टक्के नमुन्यांत दुसरंच मंजुरी नसलेलं औषध, ९ टक्क्यांत काहीच नाही. लेबलवरचं प्रमाण बरोबर निघालं ते फक्त ४१ टक्क्यांत. तुझ्या भावाच्या दोन्ही बाटल्यांवर बॅच नंबर आहे का, बनवणाऱ्याचा पत्ता आहे का बघ.

आणि कार्डारिन. ते सार्मच नाही, वेगळ्याच जातीचं रसायन आहे, त्याला जीडब्ल्यू ५०१५१६ म्हणतात. ते थांबवलं ते प्राण्यांमुळेच. लांब मुदतीच्या अभ्यासात उंदरांना वेगवेगळ्या अवयवांत कॅन्सर झाले आणि कंपनीने २००७ च्या सुमारास त्यावरचं काम सोडून दिलं. २०१३ साली वाडाने, म्हणजे खेळातल्या डोपिंगवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, खेळाडूंना मुद्दाम इशारा दिला की हे घेऊ नका. ‘उंदरांवर टेस्ट झालंय’ म्हणतो ना तो, हो, झालंय, आणि उंदरांनी उत्तर दिलंय.

साखळी_सुनंदा

मला औषधातलं कळत नाही पण काका तुमचं वाचून पोटात कसंतरी झालं. एवढे प्राणी मारायचे, तेही आधी त्यांचं सगळं काढून. याला कोणी विचारणारं असतं का?

प्राणीघरातला_काका

असतं सुनंदाताई. १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा आहे आणि प्रयोगांसाठी १९९८ चे वेगळे नियम. प्रत्येक प्राणीघराची नोंदणी, प्रत्येक प्रयोगाआधी एथिक्स कमिटी, तिच्यात सरकारने पाठवलेला बाहेरचा माणूसही बसतो आणि विचारतो की इतके प्राणी का, कमी का नाही चालणार, भूल कुठली देणार. १९५९ पासून तीन गोष्टी मानतात, शक्य तिथे प्राणी टाळा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. २०२३ साली आपल्या नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन पेशींवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या पद्धतीही मान्य झाल्यात.

तरी तुम्हाला जे वाटलं ते मला २१ वर्षं वाटलंच. पहिल्या वर्षी मी जेवायचो नाही अशा दिवशी. म्हणून मला त्या चार्टचा एवढा राग येतो. ज्या जिवांकडून आपण एक छोटं, नेमकं उत्तर घेतलं, त्यांच्या नावावर बाटलीवर भलतंच छापून पोराटोरांना विकायचं, हे मला सहन होत नाही.

फार्मसी_१८_जून_रोड

काकांच्या लिहिण्यात एकच भर. सार्म माणसांवर तपासलं गेलेलं नाही असं नाही, तपासलंय, आणि तिथे काय झालं तेही भावाला सांगा. ऑस्टारिन, म्हणजे एनोबोसार्म, फुप्फुसाच्या कॅन्सरमुळे खंगलेल्या पेशंटवर मोठ्या ट्रायलमध्ये दिलं. मसलचं प्रमाण वाढलं, पण जिने चढायची ताकद ठरवल्याइतकी वाढली नाही, म्हणून मंजुरी मिळाली नाही. तिथेही वजन वाढणं आणि ताकद वाढणं वेगळं निघालं. आजवर एकाही सार्मला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्याने, माणसांसाठी मंजुरी दिलेली नाही, उलट लिव्हरला इजा आणि हार्ट अटॅकच्या धोक्याबद्दल सावध केलंय. वाडाच्या बंदी यादीत ही २००८ पासून आहेत. तो कॉलेजतर्फे किंवा राज्यासाठी खेळणार असेल तर नाडाच्या, म्हणजे आपल्या देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेच्या टेस्टमध्ये सापडेल.

मायोस्टॅटिनचंही तसंच झालं. तो रस्ता अडवणारं एसीई ०३१ नावाचं औषध डुशेन या स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराच्या मुलांना देऊन बघत होते, नाकातून हिरड्यांतून रक्त यायला लागलं, २०११ साली थांबवलं. त्याच्याच जवळचं औषध २०१९ च्या डिसेंबरात अंतराळ स्थानकात पाठवलेल्या ४० उंदरांपैकी काहींना दिलं तर वजनरहित अवस्थेतही त्यांचे स्नायू आणि हाडं दोन्ही टिकली, उलट वाढली. म्हणजे शास्त्र म्हणून हे फार मोलाचं आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना यातून उद्या काहीतरी मिळेल अशी मला मनापासून आशा आहे. पण ते औषध त्या माणसांसाठी, धडधाकट मुलासाठी नव्हे.

डिचोलीकर_दादा

सगळ्यांचं वाचलं आणि काल रात्री भावाला बसवलं. मी काही भाषण दिलं नाही, काकांचं लिहिलेलंच त्याला मोबाईलवर वाचायला दिलं. लेव्हेटर अ‍ॅनायचं वाचून म्हणाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ग्रोथ प्लेटचं वाचून बराच वेळ काही बोलला नाही, त्याची उंची पाच फूट पाच आहे आणि त्यावरून त्याला कॉलेजात चिडवतात, जिमलाही तो त्यानेच गेला होता हे मला काल पहिल्यांदा कळलं. कार्डारिनची बाटली त्याने स्वतः आणून माझ्या हातात दिली. दुसरी अजून त्याच्याकडे आहे, म्हणाला एकदम सोडलं तर सगळं उतरेल. बाटलीवर पत्ता नाही, बॅच नंबर नाही, नुसतं ‘संशोधनासाठी, माणसांसाठी नव्हे’ असं बारीक अक्षरात.

आईला सांगितलं. रडली, पण ओरडली नाही. सोमवारी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात घेऊन जाणार आहे. काका, हाताच्या एक्स-रे वरून ग्रोथ प्लेट उघडी आहे की बंद ते कळतं का? आणि लिफ्टर दादा, तुम्ही रविवारी येऊ शकाल का, तो हो म्हणालाय.

प्राणीघरातला_काका

कळतं. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात, हाडाचं वय बघायला. डॉक्टरांना दोन्ही बाटल्यांची नावं सांग आणि बाटल्याही सोबत ने, फेकू नको. किती थेंब, किती दिवस घेतले ते भावाला आधीच कागदावर लिहायला सांग, तिथे समोर बसल्यावर मुलं कमी सांगतात.

जुना_लिफ्टर_मडगाव

रविवारी सकाळी दहाला निघतो. पत्ता मेसेज कर.